घरी इन्सुलिन देताना: बाटली, सिरिंज, जेवणाची वेळ आणि लो झालेली शुगर

घरात आई-वडिलांना इन्सुलिन सुरू झालं की सगळ्यांना धास्ती सुईची वाटते. सुई चार दिवसांत अंगवळणी पडते. घोळ होतात ते आकड्यांचे: बाटली एका मापाची, सिरिंज दुसऱ्या मापाची, डोस दिला पण जेवण तासभर लांबलं, सकाळी सुनेने दिलं आणि अर्ध्या तासाने मावशींनीही दिलं. इन्सुलिन किती आणि केव्हा घ्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतात. ठरलेला डोस ठरल्याप्रमाणेच अंगात जावा, यासाठी घरच्यांनी काय बघायचं ते इथे आहे.

आधी बाटलीवरचा आकडा वाचा

आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारं ह्युमन इन्सुलिन, म्हणजे साधं रेग्युलर (जलद), एनपीएच (संथ, दुधाळ) किंवा दोन्हींचं ३०/७० मिक्स, बाटलीत असेल तर बहुतेक वेळा ‘४० आययू (युनिट) प्रति मिली’ या मापाचं असतं. १० मिलीची बाटली, म्हणजे एकूण ४०० युनिट. पेन आणि पेनात घालायची कार्ट्रिज मात्र ‘१०० आययू प्रति मिली’ची असतात, ३ मिली, म्हणजे ३०० युनिट. काही ॲनालॉग इन्सुलिनच्या, म्हणजे रचनेत थोडा बदल केलेल्या इन्सुलिनच्या, बाटल्याही १०० च्याच येतात. ग्लार्जिन या संथ, दिवसभर पुरणाऱ्या ॲनालॉगचा एक प्रकार तर ३०० आययू प्रति मिलीचाही आहे, पण तो फक्त पेनातच मिळतो.

सिरिंजही दोन मापांच्या असतात. ४० च्या बाटलीसाठी लाल टोपणाची, १०० च्या बाटलीसाठी नारिंगी टोपणाची. टोपणाच्या रंगावर पूर्ण भिस्त ठेवू नका. ट्यूबलाइटच्या उजेडात लाल आणि नारिंगी सहज गल्लत करतात आणि मोतीबिंदू असलेल्या माणसाला तर फरक कळतच नाही. सिरिंजच्या नळीवर ‘यू-४०’ किंवा ‘यू-१००’ छापलेलं असतं, ते वाचा.

जोडी चुकली तर काय होतं? डॉक्टरांनी २० युनिट सांगितले आहेत असं धरू.

बाटली ४० ची आणि हातात नारिंगी सिरिंज. २० च्या रेघेपर्यंत भरलंत तर सिरिंजमध्ये आलं ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. शुगर तीनशेच्या खाली येत नाही, पथ्य पाळलं नाही म्हणून पेशंट बोलणी खातो, डॉक्टर डोस वाढवतात. मग कधीतरी मेडिकलवाला बरोबर सिरिंज देतो आणि त्याच दिवशी वाढवलेला डोस पूर्णच्या पूर्ण अंगात जातो.

उलट चूक जिवावरची. बाटली १०० ची आणि सिरिंज लाल. २० च्या रेघेला अर्धा मिली आलं, म्हणजे ५० युनिट. अडीचपट.

पेनमधलं इन्सुलिन सिरिंजने ओढून काढण्याचा उद्योग याच कारणासाठी करायचा नाही. पेन बिघडलं, सुई संपली, तर नवीन आणा. तेवढ्यापुरतं लाल सिरिंजने काढू, असं नको.

आणखी एक पडताळा आहे, तो फारसं कुणी करत नाही. बाटली किती दिवस पुरते ते मोजा. सकाळी २० आणि रात्री १० असे दिवसाला ३० युनिट असतील, तर ४०० युनिटची बाटली साधारण १३ दिवसांत संपली पाहिजे. महिना उलटला तरी बाटली चालूच असेल तर सिरिंज चुकीची आहे, डोस बुडताहेत किंवा पेशंटला रेघा दिसत नाहीत. पेनात प्रत्येक वेळी २ युनिट हवा काढण्यात जातात, म्हणून तेवढ्याच डोसला दिवसाला ३४ धरा. ३०० युनिटचं कार्ट्रिज नऊ दिवसांच्या आत संपतं.

मेडिकलमधून आणताना बाटली आणि सिरिंज एकाच वेळी, समोरासमोर धरून घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘१०’ च्या पुढे इंग्रजी ‘यू’ घाईत काढलेला असेल तर तो शून्यासारखा दिसून १० चे १०० वाचले जातात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहून मागा. यात डॉक्टरांचा अपमान नाही.

नावांचाही गोंधळ होतो. ३०/७० आणि ५०/५० ही दोन वेगळी मिश्रणं आहेत. ‘मिक्स’ शब्द असलेली ह्युमन आणि ॲनालॉग इन्सुलिन वेगळी आहेत आणि त्यांची जेवणाआधीची वेळही वेगळी. मेडिकलवाल्याने ‘हे नाही, पण सेमच आहे’ म्हणून दुसरा ब्रँड दिला, तर खोक्यावरचं मूळ औषधाचं नाव, मिश्रणाचं प्रमाण आणि ४० की १०० या तीन गोष्टी जुन्या खोक्याशी ताडून बघा. एकही वेगळी निघाली तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय वापरू नका.

ठेवायचं कुठे

न उघडलेली बाटली किंवा पेन फ्रीजमध्ये, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये. जागा फ्रीजच्या दरवाजातली, किंवा खालच्या कप्प्यात भाजीच्या वरची. एक दरवाजाच्या फ्रीजमध्ये फ्रीजरच्या थेट खालच्या ट्रेमध्ये ठेवू नका, तिथे इन्सुलिन गोठतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर ठीक दिसलं तरी टाकून द्यायचं.

वापरात असलेली बाटली किंवा पेन खोलीत, २५ ते ३० अंशांच्या खाली, साधारण चार आठवडे चालतं. नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर असते आणि ती प्रत्येक इन्सुलिनची सारखी नसते. बाटली उघडलेली तारीख मार्करने लेबलवर लिहा. एक्स्पायरीची तारीख सीलबंद बाटलीसाठी असते. उघडल्यावर ती धरायची नाही.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात घरात ३० अंश कुठून असणार? तिथे वापरातलं इन्सुलिनही फ्रीजमध्येच ठेवा आणि देण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा. थंडगार इन्सुलिन टोचलं की जास्त दुखतं. पेन फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर सुई काढूनच, आणि त्या पेनाच्या कागदावर वापरात असताना फ्रीजमध्ये ठेवायला मनाई नाही ना, हे आधी पाहून. फ्रीज नसेल किंवा लाइट जात असेल तर मातीची भांडी कामाला येतात. मोठ्या मडक्यात तळाला वाळू, त्यावर छोटं मडकं, दोघांमधल्या फटीत पुन्हा वाळू. वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्याने ओली करायची, छोट्या मडक्यात कोरड्या घट्ट डबीत बाटली, वरून ओलं फडकं, आणि सगळं सावलीत, वारा लागेल अशा जागी. पाणी उडून जाताना गारवा येतो, म्हणून कोरड्या हवेत हे झकास चालतं. कोकणात आणि गोव्यात पावसाळी दमट हवेत त्याचा गारवा जेमतेमच.

बर्फाला बाटली चिकटवून प्रवास करू नका. थर्मासात बर्फ घातलात तर बाटली रुमालात गुंडाळून, प्लास्टिकच्या डबीत, बर्फापासून वेगळी. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं इन्सुलिन संपलं म्हणून समजा. विमानात इन्सुलिन हातातल्या पिशवीत; सामानात दिलं तर विमानाच्या पोटातल्या थंडीत गोठण्याचा धोका असतो आणि बॅग हरवली तर औषधही गेलं.

देण्याआधी बाटली उजेडासमोर धरा. रेग्युलर, ग्लार्जिन आणि जलद ॲनालॉग पाण्यासारखी स्वच्छ हवीत. एनपीएच आणि मिक्स हलवल्यावर सगळीकडे सारखी दुधाळ दिसली पाहिजेत. त्यात कण, गुठळ्या, किंवा काचेला आतून बर्फाची नक्षी असावी तसा पांढरा थर दिसला तर बाटली बाद. उष्णतेने बिघडलेलं स्वच्छ इन्सुलिन मात्र नुसत्या डोळ्यांना चांगलंच दिसू शकतं. जेवण तेच, डोस तोच आणि शुगर दोन-तीन दिवस विनाकारण चढी असेल, तर डोस वाढवण्याआधी नवीन बाटली उघडून बघा.

सिरिंजने देताना

आधी हात साबणाने धुवा. मग ग्लुकोमीटरवर शुगर बघा. पेशंटचे हातही धुतलेले आणि पूर्ण कोरडे हवेत, कारण आंबा कापलेल्या बोटावरचा अंश मशीनवर पन्नास-शंभराने जास्त आकडा दाखवू शकतो. टोचायचं बोटाच्या टोकाच्या कडेला, मधोमध नाही. शुगर ७० च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवा आणि खाली लो शुगरचा भाग दिला आहे तो करा.

मिक्स किंवा एनपीएच असेल तर बाटली दोन तळव्यांमध्ये आडवी धरून १० वेळा लाटा आणि मग १० वेळा सावकाश उलटी-सुलटी करा. जोरात हलवू नका, फेस येतो. नीट न मिसळलेल्या मिक्समधून एके दिवशी जलद भाग जास्त जातो, दुसऱ्या दिवशी संथ भाग. मग शुगर का नाचते ते कुणालाच कळत नाही.

रबरी बूच स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि सुकू द्या. सिरिंजमध्ये डोसाइतकी हवा ओढा, सुई बाटलीत घालून ती हवा आत सोडा. ही पायरी टाळली की बाटलीत पोकळी होते, दट्ट्या ओढताना जड जातो आणि बुडबुडे येतात. आता बाटली उलटी धरा, सुईचं टोक इन्सुलिनच्या पातळीखाली ठेवा आणि डोसापेक्षा दोन-तीन युनिट जास्त ओढा. नळीला टिचकी मारली की बुडबुडे वर येतात. ते जास्तीच्या इन्सुलिनसकट परत बाटलीत ढकलत बरोबर रेघेवर या. इन्सुलिनच्या बुडबुड्याने हृदय बंद पडत नाही, ती भीती सोडा. तो डोसाची जागा खातो एवढंच. २ युनिटच्या जागेत हवा असेल तर २ युनिट कमी गेले.

रेघ वाचायची ती दट्ट्याच्या काळ्या रबराची, सुईकडची कड. रबराची मागची कड वाचणारे पुष्कळ असतात, आणि तिथे दोन-चार युनिट सहज इकडचे तिकडे होतात. सिरिंज डोळ्यांच्या उंचीवर धरा. रेघांचं मूल्यही बघा: १ मिलीच्या लाल सिरिंजवर एक बारीक रेघ १ युनिटची असते, १ मिलीच्या नारिंगी सिरिंजवर मात्र एक रेघ बहुधा २ युनिटची.

टोचायचं पोटावर बेंबीपासून दोन बोटं सोडून, मांडीच्या वरच्या अर्ध्यात बाहेरच्या बाजूला, दंडाच्या मागच्या बाहेरच्या भागात, किंवा नितंबाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात. घरी त्वचा स्वच्छ धुतलेली असेल तर स्पिरिट लागत नाही; लावलंच तर सुकल्यावर टोचा, नाहीतर चुरचुरतं. अंगठा आणि तर्जनीने कातडीची हलकी चिमूट उचला. पूर्ण मुठीत धरलीत तर स्नायूही वर येतो आणि स्नायूत गेलेलं इन्सुलिन अपेक्षेपेक्षा लवकर उतरतं. सुई एकदम आत, दट्ट्या सावकाश तळापर्यंत, १० पर्यंत मोजा, सुई बाहेर, मग चिमूट सोडा. चोळू नका. सुई काढल्यावर एखादा थेंब बाहेर आला तरी ‘थोडं गेलं नसेल’ म्हणून पुन्हा देऊ नका.

एकाच वेळी रेग्युलर आणि एनपीएच वेगवेगळ्या बाटल्यांतून मिसळायला सांगितलं असेल तर क्रम असा: आधी दुधाळ बाटलीत हवा, मग स्वच्छ बाटलीत हवा, मग स्वच्छ ओढा, शेवटी दुधाळ. ग्लार्जिन कशातही मिसळायचं नाही.

पेन असेल तर

पेनाला नवी सुई बसवली की दरवेळी २ युनिट फिरवा, सुई वर करून बटण दाबा आणि टोकावर थेंब येतो का बघा. टोकावर टपोरा थेंब जमला, की मार्ग मोकळा. थेंब आला नाही तर पुन्हा २. तीन-चारदा करूनही नाही आला तर सुई बदला. हे न करता थेट डोस दिला तर पेशंटला टोचल्याचं समाधान मिळतं आणि आत काहीच गेलेलं नसतं.

४ मिलिमीटरची सुई असेल तर बहुतेक मोठ्या माणसांना चिमूट लागत नाही, सरळ ९० अंशात टोचा. अगदी हडकुळ्या पेशंटला चिमूट धराच. बटण शून्यापर्यंत गेल्यावर ते दाबून ठेवूनच १० पर्यंत मोजा. झाल्यावर सुई पेनाला लावून ठेवू नका: तिच्यातून हवा आत जाते, इन्सुलिन गळतं आणि मिक्सचं प्रमाण बिघडतं.

नवरा-बायको दोघांनाही तेच इन्सुलिन असेल तरी पेन दोन. सुई बदलली तरी कार्ट्रिजमध्ये रक्ताचा अंश मागे जाऊ शकतो.

रात्रीचं ग्लार्जिन आणि जेवणाआधीचं जलद इन्सुलिन अशी दोन पेनं घरात असतील, तर हा खरा धोक्याचा मामला आहे. दोन्ही स्वच्छ, दोन्ही पेनं दिसायला सारखी. रात्री ग्लार्जिनच्या २४ युनिटऐवजी जलद इन्सुलिनचे २४ गेले की दोन तासांत पेशंट बेशुद्ध होऊ शकतो. रात्रीच्या पेनाला जाड रबरबँड गुंडाळा, म्हणजे अंधारातही हाताला कळेल, आणि ते दुसऱ्या खोलीत ठेवा. अशी चूक लक्षात आलीच तर पेशंटला झोपू देऊ नका. लगेच ग्लुकोज-पाणी आणि जेवण द्या, दर १५ मिनिटांनी शुगर बघा, डॉक्टरांना फोन करा आणि डोस मोठा असेल तर सरळ दवाखान्यात न्या. लक्षणं येण्याची वाट बघण्यात वेळ जातो.

गाठी: हात फिरवून बघा

रोज त्याच जागी टोचलं की कातडीखाली चरबीची मऊ, रबरासारखी गाठ होते. पुष्कळदा ती दिसत नाही, हाताला लागते. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोटावरून सावकाश चाचपत गेलं की एखादी जागा जाडसर, फुगीर लागते आणि तिथली चिमूट बाजूच्या जागेइतकी पातळ येत नाही. तिथे टोचलेलं दुखत नाही, म्हणून पेशंट मुद्दाम तिथेच टोचून घेतो. पण त्या गाठीतून इन्सुलिन कधी उतरेल याचा नेम नसतो.

उपाय जागा बदलण्याचा. पोटाचे चार भाग करा, एक आठवडा एक भाग, आणि त्या भागातही दरवेळी किमान एक बोट सरकून. सकाळी पोट, रात्री मांडी असं ठरलं असेल तर तेच चालू ठेवा; ह्युमन इन्सुलिन पोटातून लवकर आणि मांडीतून हळू उतरतं, म्हणून रोज मनाला येईल तसं अवयव बदलू नका. वारीत किंवा लांब चालायला निघण्याआधी मांडीवर देऊ नका, चालत्या स्नायूंमुळे ते भराभर उतरतं.

महत्त्वाचं: गाठीवरून चांगल्या जागी आलात की तेवढ्याच डोसात शुगर झपाट्याने खाली येऊ शकते. आधी डॉक्टरांना सांगा, डोस कमी करावा लागतो. पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा बघा.

जेवण आणि घड्याळ

रेग्युलर आणि ह्युमन ३०/७० जेवणाआधी अर्धा तास. लिस्प्रो, अस्पार्टसारखी जलद ॲनालॉग आणि त्यांची मिश्रणं जेवणाआधी शून्य ते पंधरा मिनिटं. ग्लार्जिन, डेग्लुडेक जेवणाशी बांधलेली नाहीत. रोज ठरल्या वेळी.

अर्धा तास म्हणजे कुकर लावल्यावरचा अर्धा तास नव्हे. स्वयंपाक तयार आहे, भूक आहे, हे बघून इन्सुलिन द्या. लग्नात, पंगतीला, पाहुण्यांकडे तर ताट वाढलेलं दिसल्याशिवाय टोचूच नका. तिथे अर्ध्या तासाचा नियम थोडा मोडला तर शुगर थोडी चढेल, पण पंगत तासभर लांबली तर माणूस आडवा होईल. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला आधी विचारा, ‘आज जेवाल ना?’ दोन घास खाऊन तोंड फिरवणाऱ्यांसाठी जेवण झाल्यावर लगेच देता येईल असं जलद ॲनालॉग बसतं का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. ह्युमन मिक्समध्ये ही सोय नाही.

एकादशी, नवरात्र, रोजे यांच्या आधी आठवडाभर डॉक्टरांशी बोला. उपवासाचा घोळ दोन्ही बाजूंनी असतो: सकाळचा डोस पूर्ण घेऊन दुपारपर्यंत काही नाही, मग साबुदाण्याची खिचडी भरपेट. आधी लो, मग तीनशे.

उलट्या, जुलाब, ताप असताना ‘काही खाल्लंच नाही, मग इन्सुलिन कशाला’ हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. आजारपणात न खाताही शुगर चढते. टाइप वनच्या पेशंटने (ज्याच्या अंगात स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनतच नाही) बेसल, म्हणजे ग्लार्जिनसारखं पायाचं संथ इन्सुलिन कधीच बंद करायचं नाही, किटोॲसिडोसिस होतो, म्हणजे रक्तात आम्ल साठून जिवावर बेततं. मिक्स घेणाऱ्याने पूर्ण डोस टोचूनही घेऊ नये आणि मनाने बंदही करू नये. शुगर दर तीन-चार तासांनी बघून डॉक्टरांना फोन करावा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनच्या गोळ्या चालू असतील तर हे फोनवर आवर्जून सांगा. त्या गोळ्यांवर शुगर फार चढलेली नसतानाही किटोॲसिडोसिस होऊ शकतो. सतत उलट्या, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा खोल श्वास, ही लक्षणं असली तर मीटरचा आकडा न बघता दवाखाना.

शुगर लो झाली तर

मीटरवर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली म्हणजे लो. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. थरथर, घाम, धडधड, एकदम कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी. वयस्कर माणसात ही सगळी दिसतीलच असं नाही. तिथे नुसती चिडचिड, असंबद्ध बोलणं, लडखडणं दिसतं आणि घरचे म्हणतात ‘वयाने होतंय’. ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर-धडधड दबून जाते, घाम मात्र येतो. रात्री घामाने कपडे ओले, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड, याचा अर्थ रात्री दोन-तीनच्या सुमाराला शुगर तपासा.

शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्ध्या पेल्या पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर. ७० च्या वर नसेल तर तेच पुन्हा. वर आली की पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किटं, म्हणजे परत खाली येणार नाही. पेढा, लाडू, चॉकलेट देऊ नका. त्यातल्या तूप-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

साखर का नाही म्हटलं? साखरही चालते, पण एक अपवाद आपल्याकडे घरोघरी आहे. व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज ही डायबेटिसची औषधं साखर पचवायचं कामच अडवतात. मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडबरोबर व्होग्लिबोज एकाच गोळीत असलेली पाकिटं खूप चालतात आणि आपण ते घेतो हे पेशंटला ठाऊकही नसतं. अशा माणसाला साखर-पाणी पाजून शुगर पटकन वर येत नाही, ग्लुकोजच लागतं. म्हणून घरात, पर्समध्ये आणि उशाशी ग्लुकोज पावडर ठेवा. पाकिटावर ग्लुकोज किंवा डेक्स्ट्रोज लिहिलंय ना ते बघा.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्यांमुळे लो झालं असेल तर एकदा वर आलेली शुगर काही तासांनी पुन्हा कोसळते. मूत्रपिंड अधू असेल तर आणखीच. अशा पेशंटला बरं वाटलं तरी त्या दिवशी डॉक्टरांना दाखवा, रात्री एकटं झोपवू नका.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. ना पाणी, ना साखर, ना मध. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन (शुगर वर आणणारं औषध) देऊन ठेवलं असेल तर शिकवल्याप्रमाणे द्या. शुद्ध आल्यावरच खायला-प्यायला.

वही, आणि जुनी बाटली

एक साधी वही पेशंटच्या खोलीत लटकवा: तारीख, वेळ, शुगर, इन्सुलिनचं नाव, युनिट, जागा, देणाऱ्याची सही. इन्सुलिन देऊन खोलीबाहेर पडण्याआधी लिहायचं. ‘दिलं होतं की नाही’ असा प्रश्न पडला आणि वहीत नोंद नाही, तर पुन्हा देऊ नका. शुगर बघा आणि विचारा. चुकलेला डोस पुढच्या डोसात मिळवायचा नाही. विसराळू पेशंटच्या हाती बाटली राहू देऊ नका.

दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला की सगळ्यात आधी फ्रीज आवरा. भरती होण्याआधी ३०/७० चालू होतं, डिस्चार्ज कार्डावर ग्लार्जिन आणि गोळ्या आल्या, आणि फ्रीजमधली जुनी बाटली कुणी काढलीच नाही. मग दोन्ही चालू राहतात. कार्ड आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं समोरासमोर मांडून मूळ नावं जुळवा. तीच ग्लिमेपिराइड दोन ब्रँडच्या नावाने दोनदा जाते. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइड दिलं असेल तर शुगर चढते आणि इन्सुलिन वाढवलं जातं; स्टिरॉइड कमी करताना इन्सुलिन कमी करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. ती तारीख वहीत आधीच लिहून ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक चालू असतानाही शुगर जास्त वेळा बघा.

मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जाणार असाल तर इथल्या ४० च्या बाटल्यांबरोबर लागतील तेवढ्या लाल टोपणाच्या सिरिंज इथूनच न्या. तिथे दुकानात मिळतात त्या १०० च्या. बाटली इथली, सिरिंज तिथली, असं झालं की डोस पाचात दोन भागच जातो. चिठ्ठी मूळ औषधाच्या नावाने, मिश्रणाचं प्रमाण आणि ४० की १०० यासह टाइप करून घ्या.

सुई एकदाच वापरायची. दुसऱ्यांदा टोक वाकडं होतं, गुळगुळीत थर निघून जातो, दुखतं आणि गाठी वाढतात. दुसऱ्याला टोचलेल्या सुईला टोपण परत लावायला जाऊ नका, बोटात घुसते आणि कावीळ बी, सी किंवा एचआयव्हीचा धोका असतो. टोचून झालं की सुई थेट जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत टाका. कपडे धुण्याच्या लिक्विडची रिकामी बाटली त्याला चांगली. तीन-चतुर्थांश भरली की झाकण लावून चिकटपट्टी गुंडाळा, वर ‘वापरलेल्या सुया’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि जवळच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये घेतात का ते विचारून तिथे द्या. तशी सोय नसेल तर ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या, आत काय आहे ते सांगून.